पडदा पाहिलात का? मुलांचे डोळे तपासणाऱ्यांना खुले पत्र

सातारा

प्रति,
चष्म्याच्या दुकानांतून, शाळांच्या आरोग्यतपासणीतून, ग्रामीण रुग्णालयांतून आणि खाजगी दवाखान्यांतून लहान मुलांचे डोळे तपासणारे महाराष्ट्रातील सर्व नेत्रतपासनीस, नेत्रचिकित्सा अधिकारी व डॉक्टर मंडळी यांस



३६ वर्षे मी शिक्षकी पेशात काढली, त्यांतील अखेरची ९ मुख्याध्यापक म्हणून. आणि या अवधीत दरसाल आरोग्यतपासणीची गाडी शाळेच्या फाटकातून आत यावी, एका वर्गातील बाके बाजूला सारून भिंतीवर अक्षरांचा तक्ता लटकवावा, आणि मुलांच्या रांगेने एकेका डोळ्यावर तळहात धरून तो वाचावा, हा शिरस्ता मी इतक्या वेळा पाहिला की त्यात काही उणे असेल अशी शंका मला कधी शिवली नाही. तपासणी संपली म्हणजे यादी माझ्या टेबलावर येई, शेकडो नावांपुढे ‘दृष्टी ठीक’ असा शेरा असे, आणि त्याखाली मी समाधानाने सही करी. त्या शेऱ्यात काय सामावलेले आहे आणि काय मुळीच सामावलेले नाही, हे मला सेवानिवृत्तीनंतर, माझ्याच घरात, माझ्या सात वर्षांच्या नातीच्या निमित्ताने कळले. ते आपणांस सांगावे, आणि त्याच्या आधारे काही तक्रारी व काही मागण्या आपल्यापुढे ठेवाव्यात, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तिच्या शाळेचे स्नेहसंमेलन झाले, तेव्हा काढलेला वर्गाचा फोटो आमच्याकडे आहे. दुसऱ्या ओळीत डावीकडून चौथी ती उभी आहे. बाकीच्या सगळ्या मुलांच्या माना सरळ, हिची तेवढी उजव्या खांद्याकडे कललेली. फोटो घरी आला तेव्हा सर्वांना ती लाडिक ढब वाटली, आणि मी तर जन्मभराच्या सवयीने ‘मान सरळ ठेवून बस’ म्हणून तिला बजावीत असे. फेब्रुवारीत सकाळच्या उलट्या सुरू झाल्या. अंथरुणातून उठावे, मोरीपर्यंत जावे, भडभडून एक उलटी व्हावी आणि अर्ध्या तासात पोर खेळायला लागावी; ना ताप, ना जुलाब. पित्त म्हणून मोरावळा झाला, जंत म्हणून गोळी झाली, तिच्या आजीने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, आणि शाळा बुडवण्यासाठी पोर हे करते की काय असा संशय, लिहिताना हात जड होतो, मी घेतला. मार्चमध्ये वर्गशिक्षिकेने निरोप धाडला की फळ्यावरचे उतरून घेताना ही डाव्या डोळ्यावर हात धरते. तेव्हा तिला तालुक्याच्या गावी एका चष्म्याच्या दुकानात नेले. तिथे यंत्रापुढे हनुवटी टेकवून घेतली, तक्ता वाचवला, आणि ‘गुरुजी, अर्धा नंबर आहे, मोबाइल तेवढा बंद करा’ असे सांगून गुलाबी काड्यांचा चष्मा दिला. पुढे डावा डोळा नाकाकडे वळल्यासारखा दिसू लागला. तिरळेपण भाग्याचे असते म्हणून शेजारणीने समजूत घातली. आम्ही दुसरे दुकान गाठले, तिथे दुसरा नंबर निघाला आणि दुसरा चष्मा आला. मधल्या काळात शाळेत तपासणीही होऊन गेली होती, आणि तिथल्या यादीत तिच्या नावापुढे ‘चष्मा आहे’ एवढी नोंद झाली. म्हणजे ज्या चष्म्याने काहीही साधले नव्हते, त्यानेच पुढच्या तपासणीचे दार लावून घेतले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात जिल्ह्याच्या ठिकाणी एका नेत्रतज्ज्ञांनी तिला पाहिले. तक्त्याकडे वळण्याआधी त्यांनी तिला दारापासून खुर्चीपर्यंत चालत येताना न्याहाळले; मग तिच्यासमोर बोट धरून ते सावकाश दोन्ही बाजूंना फिरवले, तेव्हा डावा डोळा मध्यावर येऊन थबकला, बाहेरच्या कोपऱ्याकडे गेलाच नाही. थेंब घालून बाहुल्या मोठ्या होईपर्यंत आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. नंतर अंधाऱ्या खोलीत त्यांनी दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर प्रकाश टाकून बराच वेळ पाहिले, दिवा लावला, आणि माझ्या सुनेला विचारले, ‘ताई, हिला सकाळी उठल्या उठल्या उलटी होते का?’ डोळे तपासणाऱ्या कोणी हा प्रश्न विचारण्याची ती पहिलीच वेळ. मग त्यांनी जुने फोटो मागितले. मुलाच्या मोबाइलमधला स्नेहसंमेलनाचा फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि ते म्हणाले, ‘म्हणजे निदान जानेवारीपासून.’ त्याच संध्याकाळी एम. आर. आय. झाला. लहान मेंदूत लिंबाएवढी गाठ होती, आणि तिने मेंदूतल्या पाण्याची वाट अडवल्यामुळे आतल्या पोकळ्या तुंबून फुगल्या होत्या.

गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हे. मुंबईत शस्त्रक्रियेने ती समूळ काढता आली. त्यानंतर ना किरणोपचार लागले, ना इतर औषधयोजना. शस्त्रक्रिया करणाऱ्यांच्या हिशेबी मुलगी बरी झाली आहे, आणि त्यांचे उपकार आमच्या घराण्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहतील. परंतु महिनोन्‌महिने दाबाखाली सुजून राहिलेले तिचे दृष्टिमज्जातंतू सूज ओसरताच पांढरे पडले, वाळले. उजव्या डोळ्याला आज उजेड आणि अंधार एवढाच भेद कळतो. डाव्याने, पुस्तक नाकाशी धरले तर, ठळक छापाची अक्षरे लागतात. जी व्याधी संपूर्ण बरी होण्याजोगी होती तिने दृष्टी नेली, याचे कारण वाया गेलेला काळ हे एकच आहे. आणि तो काळ, आमच्या घरच्या अज्ञानात जितका गेला तितकाच, तपासणीच्या खुर्च्यांवर गेला.

आपल्या विद्येतील गोष्टी आपल्यालाच सांगण्याचा अधिकार मला नाही. तरीही या दोन वर्षांत वाचून आणि विचारून मला जे उमगले ते मांडल्यावाचून माझ्या तक्रारीचा रोख स्पष्ट होणार नाही. कवटी ही हाडांची बंद पेटी. तान्ह्या मुलाची टाळू भरेपर्यंत तिला थोडीबहुत सैल जागा असते, पण दीड वर्षाच्या सुमारास टाळू मिटली की आत वाढणाऱ्या कोणत्याही गोष्टीला बाहेर पडायला वाट राहत नाही. अशा वेळी आतला दाब वाढतो, आणि मेंदूवरची आवरणे दृष्टिमज्जातंतूभोवती म्यानासारखी डोळ्यापर्यंत गेलेली असल्यामुळे तोच दाब थेट डोळ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. मज्जातंतू जिथे डोळ्यात शिरतो ते गोल बिंब सुजते, त्याची रेखीव कड पुसट होते, भोवतालच्या शिरा फुगतात. मनुष्याच्या देहात चिरफाड न करता, नुसत्या प्रकाशाने मेंदूच्या आतली अवस्था पाहता येईल असे ठिकाण हे एवढेच. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ साली डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण जगापुढे मांडले, आणि त्यानंतर दहा वर्षांच्या आत, १८६० साली, फोन ग्रेफे या नेत्रवैद्याने मेंदूत गाठ असलेल्या रुग्णांच्या डोळ्यांतील या सुजलेल्या बिंबाचे वर्णन करून ठेवले. म्हणजे ही खूण वैद्यकास ठाऊक होऊन दीड शतकाहून अधिक काळ लोटला आहे, एम. आर. आय. यंत्राचे नावही कोणी ऐकले नव्हते तेव्हापासून ती आपल्या हाताशी आहे.

आता माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार. बिंब सुजले तरी आरंभीच्या काळात वाचायची नजर शाबूत राहते. त्या अवस्थेतील मूल तक्त्यावरची शेवटची ओळ बिनचूक वाचते, यंत्र किरकोळ नंबर दाखवते, आणि यादीत ‘दृष्टी ठीक’ असा शेरा पडतो. एखाद्याला वाकल्यावर किंवा झटकन उठल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते, पण ती दोन-चार सेकंदांत ओसरते, आणि मूल ते सांगत नाही, कारण सर्वांनाच असे होत असावे अशी त्याची समजूत असते. तक्ता वाचता येईनासा होतो तेव्हा बहुधा मज्जातंतू वाळायला लागलेला असतो, आणि गेलेले परत आणण्याची विद्या अजून कोणापाशी नाही. तेव्हा ज्या तपासणीत तक्ता वाचला गेला पण पडदा पाहिला गेला नाही, तिला नेत्रतपासणी म्हणू नका. नंबर काढणे म्हणा. दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या अहवालात, सरकारी तक्त्यात, सगळीकडे हा भेद उघड लिहा. आईबाप त्या एका शब्दावर विसंबून घरी जातात आणि पुढचे तीन महिने निर्धास्त राहतात.

दुसरी तक्रार डोळ्यांच्या हालचालींविषयी आहे. डोळा बाहेरच्या कोपऱ्याकडे वळवणारा सहावा मज्जातंतू कवटीच्या तळाशी बराच लांबचा प्रवास करून डोळ्यापर्यंत येतो, त्यामुळे आतला दाब वाढला की गाठ कुठेही असो, हा तंतू लुळा पडू शकतो. मग डोळा आत वळतो, लांबचे दोन-दोन दिसते, जवळचे मात्र पुष्कळदा ठीक दिसते. फळ्याकडे पाहताना एक डोळा झाकणारे आणि वहीत मान घालताच हात काढून घेणारे मूल कोणी पाहिले तर त्याने इथे थांबावे. जन्मापासून किंवा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून असलेला तिरळेपणा आणि सहाव्या-सातव्या वर्षी अकस्मात आलेला तिरळेपणा या निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि ‘कधीपासून?’ हा एक प्रश्न त्यांची ओळख पटवायला बहुधा पुरतो. तो प्रश्न आम्हाला दोन्ही दुकानांत विचारला गेला नाही. कललेल्या मानेचेही तेच. मेंदूच्या मागच्या भागातल्या गाठीमुळे मूल मान कलती धरते, किंवा दोन दिसणारी चित्रे एक व्हावीत म्हणून ती कलवते. आपण ‘सरळ बस, मग यंत्रात नीट येईल’ म्हणून हनुवटी दोन बोटांनी सरळ करता, आणि जी खूण स्वतःहून आपल्यापुढे येऊन बसली होती ती आपल्याच हाताने पुसली जाते.

आणखी काही खुणा आहेत, त्या थोडक्यात सांगतो. तान्ह्या मुलाची बुबुळे मावळत्या सूर्यासारखी खाली झुकलेली राहावीत आणि वर पांढरे दिसावे. डोळे थरथरावेत व सोबत मान डोलावी. अंगावर चहाच्या रंगाचे पुष्कळ डाग असलेल्या मुलाचा एक डोळा पुढे यावा किंवा त्याची नजर मंदावत जावी. दहा-बारा वर्षांचे मूल दाराच्या चौकटीला सारखे धडकावे, त्याला दोन्ही अंगांचे दिसेनासे व्हावे, आणि त्याच सुमारास त्याची उंची खुंटावी, तहान वाढावी. या प्रत्येकामागे मेंदूतली किंवा दृष्टिमार्गावरची गाठ असू शकते, आणि ही सगळी मुले आधी आपल्याच दारी येतात.

यावर आपण म्हणाल, आणि ते रास्त आहे, की रोज शंभर मुले पाहतो. त्यांतली डोकेदुखी बहुतेकांची साधी, तिरळेपणा बहुतेकांचा साधा. काही मुलांचे बिंब जन्मतःच उंचावलेले भासते आणि त्यात काही दोष नसतो. प्रत्येकाला मेंदूच्या चित्रासाठी धाडले तर गोरगरिबांनी कर्ज काढायचे काय? मी तसे मागत नाही. मुलांच्या मेंदूतल्या गाठी विरळ असतात हे मलाही ठाऊक आहे, जरी बालकर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाखालोखाल त्यांचाच क्रमांक लागतो. माझी मागणी चित्राची नाही, नजरेची आहे. एक टॉर्च, हातातले एक उपकरण, थेंबांची एक बाटली आणि बाहुली मोठी होईपर्यंतचा अर्धा तास, इतक्यावर पडदा पाहणे होते. ज्यांना थेंब घालण्याचा अधिकार नाही किंवा उपकरण वापरण्याचा सराव नाही, त्यांनी तसे स्पष्ट सांगून मुलाला ज्याला तो आहे त्याच्याकडे पाठवावे. त्यात कोणताही कमीपणा नाही. २०२१ साली केंद्राने सहयोगी आरोग्यव्यवसायांचा जो कायदा केला त्यात नेत्रतपासनिसांच्या व्यवसायाला स्थान मिळाले आहे, आणि जिथे मान्यता येते तिथे जबाबदारीही येते, एवढेच माझे म्हणणे.

कोर्टकचेऱ्यांचा धाक घालण्यासाठी मी लिहीत नाही. इंग्लंडात २०१२ साली आठ वर्षांच्या एका मुलाचे डोळे तपासले गेले, बिंबाची सूज ध्यानात आली नाही, आणि पाच महिन्यांनी मेंदूत पाणी तुंबून तो दगावला. तपासणाऱ्या बाईंना २०१६ साली न्यायालयाने मनुष्यवधाच्या आरोपावरून दोषी ठरवले आणि पुढच्याच वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल रद्द केला. तो सगळा वृत्तांत वाचून मला त्या मुलाच्या आईची जितकी कणव आली तितकीच त्या बाईंचीही आली. मला अनुकरणीय वाटते ते त्याच देशात २०११ साली सुरू झालेले दुसरे काम. तिथे बालरोगतज्ज्ञांनी आणि पालकांनी मिळून वयोगटवार लक्षणांची लहानशी पत्रिका काढली आणि ती घरोघर, दवाखान्यांतून, शाळांतून पोहोचवली. पाच वर्षांखालील, पाच ते अकरा आणि त्यापुढील, अशा तिन्ही गटांत डोळ्यांचा उल्लेख आहे. पूर्वी पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत साधारणपणे १४ आठवडे जात, ते दोन वर्षांत ७ च्या आत आले. कोणतेही नवे यंत्र तिथे आणले गेले नव्हते; विचारण्याचे प्रश्न तेवढे ठरवून घेतले होते.

आपल्याकडे हे अशक्य आहे असे मी मानीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता अशी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा जातात. इतक्या खेड्यापाड्यांतून, इतक्या मुलांपर्यंत जाणारी दुसरी कोणती यंत्रणा आपल्यापाशी आहे? पथकातील मंडळी ऊन-पावसात, खराब रस्त्यांनी, पुष्कळदा जेवण चुकवून हे काम करतात, हे मी मुख्याध्यापक म्हणून डोळ्यांनी पाहिले आहे. त्यांना माझी विनंती एवढीच की तक्त्यासमोर मूल उभे करण्यापूर्वी त्याला खोलीच्या दारापासून आपल्यापर्यंत चालत येऊ द्यावे, बोट डावी-उजवीकडे आणि वर-खाली फिरवून डोळे पाहावेत, आणि वर्गशिक्षकाला बाजूला घेऊन विचारावे की हे मूल अलीकडे मान वाकडी धरते का, डोळा झाकते का, सकाळच्या प्रार्थनेला उलटी करते का. वर्गशिक्षकाला पुष्कळ माहीत असते. त्याला कोणी विचारीत नाही. आणि ‘चष्मा आहे’ हा शेरा कृपा करून यादीतून काढून टाका. चष्मा असलेल्या मुलाची चौकशी अधिक व्हावी, कमी नव्हे.

बालरोगतज्ज्ञ व घरचे डॉक्टर यांनाही या पत्रात एका परिच्छेदापुरते सामील करून घेतो. जुलाबांवाचूनच्या, सकाळच्या, दोन-तीन आठवडे टिकलेल्या उलट्यांसाठी मूल तिसऱ्यांदा आपल्याकडे आले असता पोटाचे औषध बदलण्यापूर्वी त्याचे डोळे पाहा, आणि त्याला एका रेषेवर पावलाला पाऊल लावून चालवा. आमच्या नातीच्या कागदांच्या दोन थप्प्या होत्या, एक उलट्यांची आणि एक चष्म्यांची, आणि मार्चपासून जूनपर्यंत त्या दोन्ही एकाच कपाटात एकमेकींशेजारी पडून होत्या. कोणाही एकाने दोन्ही चाळल्या असत्या तर निदान मार्चमध्येच झाले असते.

आता शेवटची मागणी, आणि ती दुकानदार बंधूंना विशेषकरून आहे. तीन-चार महिन्यांत मुलाचा नंबर दुसऱ्यांदा बदलला, किंवा चष्मा देऊनही डोकेदुखी, दोन-दोन दिसणे अथवा तिरळेपणा उरला, तर तिसरा चष्मा विकू नका, चिठ्ठी द्या. तोंडी सांगितलेले ‘मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ हे शब्द एस. टी. स्टँडपर्यंत पोहोचेतो विरून जातात. लग्नसराई असते, पेरणी असते, पैशांची ओढ असते. चिठ्ठी मात्र घरात राहते, शिकलेली सून ती वाचते, आणि पुढच्या डॉक्टरालाही नेमके कुठे पाहायचे ते कळते. चिठ्ठीला वेळ लागतो अशी अडचण कोणी सांगू नये म्हणून मसुदा मीच करून ठेवला आहे. आपल्या नावाने छापून गल्ल्याशेजारी ठेवावा:

‘या मुलाला/मुलीला ____ पासून दोन-दोन दिसते / डोळा नव्याने वळला आहे / मान कलती धरतो, धरते. सकाळच्या उलट्या : आहेत / नाहीत. डोकेदुखीने झोपमोड : होते / नाही. नंबर काढला आहे, पण पडदा पाहिलेला नाही. बाहुल्या मोठ्या करून दोन्ही डोळ्यांचे बिंब याच आठवड्यात पाहावे. उलट्या असल्यास आजच.’

आपला,
एक निवृत्त मुख्याध्यापक